हौदाचं तोंड

हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की बेटावर सगळ्यात आधी हौदाचं तोंड फिरायचं. माणसं आपापली दारं-खिडक्या नंतर लावायची.

हौद होता धक्क्याच्या वरच्या अंगाला, जाळी ठेवायच्या शेडला चिकटून. शेड लांबलचक, वर पत्रा. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून वाहत यायचं आणि पन्हळीच्या टोकाला होतं एक वाकडं लोखंडी नळकांडं. सगळे त्याला तोंड म्हणायचे. तोंड आत, म्हणजे पाणी हौदात. तोंड बाहेर, म्हणजे पाणी गटारात आणि तिथून समुद्रात. एवढंच काय ते यंत्र. बेटावर विहिरी होत्या, पण त्यांचं पाणी फरशी धुवायच्या लायकीचं. प्यायचं पाणी उन्हाळाभर पलीकडच्या तीरावरून बोटीनं यायचं. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद, आणि मग जे काय आहे ते हौदात.

आता अडचण अशी, की पाऊसही हिवाळ्यातच यायचा आणि वाराही हिवाळ्यातच. वारा लाटांचे तुषार उचलून आणायचा आणि पत्र्यावर मिठाचा थर बसवायचा. हात फिरवला तर तळव्याला कच लागावी असा. त्यावर पाऊस पडला की पहिलं पाणी खारं. ते बाहेर घालवायचं. पत्रा धुऊन निघाला, पाणी गोडं झालं, की तोंड आत. लवकर फिरवलं तर हौद नासतो. उशीर केला तर पाऊसच थांबून बसतो. तिथला हिवाळी पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा, चपलासुद्धा न काढता उंबऱ्यावरूनच परत जाणारा.

हे सगळं ठरायचं एका म्हाताऱ्याच्या जिभेवर. तोंडाखाली ओंजळ धरायची, घोट जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, पुन्हा धरायची. आणि मग मोठ्यानं म्हणायचं, "गोड!" तो शब्द पडला की बायका हंडे उचलायच्या, पुरुष घरी जायचे. त्यावर कुणी दुसऱ्यांदा चाखून बघत नसे. आधी म्हाताऱ्याचा बाप हे काम करायचा, आता म्हातारा. म्हणून सगळं बेट त्याला गोडोबा म्हणायचं. माणूस बोलायला कडू जहर, शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे, पण नाव गोडोबा.

त्या गोडोबाची जीभ गेली होती.

हिवाळा लागता लागता त्याला ताप आला. ताप उतरला आणि अंथरुणातून उठला तो बायकोवर खेकसतच. "हा चहा आहे का बादली विसळलेलं पाणी?" बायकोनं निमूट दुसरा केला. तोही तसाच. मग त्यानं गूळ खाऊन बघितला, मिरची चावून बघितली. मिरचीनं डोळ्यांतून पाणी आलं, पण तिखट म्हणून काही लागलं नाही, नुसतं भाजल्यासारखं झालं. तो कुणाला काही बोलला नाही. तापाचं आहे, जाईल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

घरात माणसं तीन. गोडोबा, त्याची बायको आणि सून. मुलगा पाण्याच्या बोटीवर कामाला, तो बोटीबरोबर पलीकडच्या तीरावर अडकून पडलेला. एका दुपारी मासळीच्या रश्शात मीठ दोनदा पडलं. एकदा सासूनं घातलं, तिचं बघितलं नाही म्हणून सुनेनं परत घातलं. दोघींनी पहिला घास तोंडात घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. सुनेनं हळूच पाण्याचा पेला ओढला. तेवढ्यात गोडोबा म्हणाला, "काय गं, आज मिठाला सुट्टी दिलीस का?"

सुनेला ठसका लागला.

"हसतेस काय? मीठ आण."

"मामंजी, घातलंय..."

"घातलं असतं तर लागलं नसतं का?"

सासू उठली, मिठाचं भांडं आणून त्याच्यासमोर ठेवलं आणि तो मीठ घालून सगळं ताट पुसून खाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

जेवण झाल्यावर तो मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. ती तिथं गेली.

"अहो."

"काय?"

"जीभ दाखवा."

"मी काय बैल आहे?"

"बैलाचे दात बघतात. तुम्ही जीभ दाखवा."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतवून ठेवली. आजूबाजूला बघितलं आणि जीभ बाहेर काढली. जीभ साधीच होती, लाल, मधे जरा पांढरी.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"येईल परत. तोंडाला चव यायला वेळ लागतो."

"आणि त्याआधी पाऊस आला तर?"

"कुणाला बोललीस तर बघ."

"मी कशाला बोलू? पाऊस आला की हौदच बोलेल."

त्यानं कुऱ्हाड उपटली आणि ओंडक्यावर असा घाव घातला की ढलपी उडून कोंबड्या पळाल्या.

तसं त्यानं दुसरं काही शोधून बघितलं नाही असं नाही. साबण घेऊन बसला. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे बेटावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्यानं समुद्राचं पाणी आणि हौदाचं पाणी कमी-जास्त मिसळून बघितलं. निम्मं-निम्मं होतं तोवर साबण गप्प. पण जरा मचूळ पाण्यात फेस यायचा तो यायचाच, आणि हौद नासायला तेवढं मचूळ पुरेसं होतं. शिवाय सगळ्या बेटासमोर हौदावर उभं राहून साबण घासायचा, म्हणजे मग काय राहिलं? सून दारातून बघत होती. तिला वाटलं मामंजी हात धुताहेत. एवढे हात धुताना तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

वारा काही थांबेना. अंगावर घोंगडी घेतली तरी बरगड्या मोजून जायचा. दोर ओढून ओढून बायकांच्या तळहातांना भेगा पडल्या, त्यात वाऱ्यातलं मीठ जायचं. गोडोबा रोज सकाळी हौदात बांबू सोडून पाणी बघायचा. बांबूची ओल रोज थोडी खाली गेलेली असायची. भट्टीवाली, बेटाचे पाव भाजणारी, रोज विचारायची, "गोडोबा, पाऊस कधी?"

"मी काय त्याचा सासरा आहे? मला सांगून येईल?"

"तुम्ही चिडू नका हो. पीठ मळायला पाणी नको का? का समुद्रात मळू?"

पाऊस आला तो एका दुपारी, अचानक. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज झाला आणि लोक डोक्यावर पोती घेऊन हौदाकडे पळत सुटले. गोडोबा तिथंच होता. त्यानं तोंडाखाली ओंजळ धरली. पाणी गार होतं, बोटं बधिर करणारं. जरा गंज, जरा कचरा, हे त्याच्या जिभेला कळत होतं. खडा कळतो तसं. बाकी काही नाही. त्यानं थुंकलं, पुन्हा धरलं, पुन्हा थुंकलं. नेहमी जसं करायचा अगदी तसंच. सगळे त्याच्याकडे बघत होते. पाणी गटारातून धो धो समुद्रात चाललेलं.

शेजारी त्याचा मेहुणा उभा होता, बेटाचा गवंडी. गेल्या उन्हाळ्यात हौदाला आतून नवा गिलावा त्यानंच केला होता. तो म्हणाला, "दाजी, आज फार वेळ लागतोय."

"वारा किती दिवस होता बघितलंस का? थर बसलाय."

"ते खरंच."

मागून कुणी ओरडलं, "गोडोबा, झोप लागली काय?"

त्यानं मागं वळून एक शिवी हासडली. लोक हसले. नेहमीसारखीच शिवी होती, त्यामुळं सगळ्यांना बरं वाटलं.

मग पाऊस विरळ व्हायला लागला. पत्र्यावरचा आवाज उतरला. भट्टीवालीनं कपाळावर हात मारला. "गेला! सगळा समुद्राला पाजला!" गोडोबानं आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले. पूर्वी अशा वेळी जिभेच्या कडांना काय व्हायचं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत होतं की काहीतरी व्हायचं. पाण्याची धार बारीक होत चाललेली त्याला हातावर कळली. उशीर झाला तर सगळं गेलं, एवढंच डोक्यात होतं.

"गोड!" तो म्हणाला आणि तोंड आत फिरवलं.

पाऊस आणखी थोडा वेळ पडला आणि थांबला. हौद हातभर चढला. लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाली हातात पाव घेऊन गोडोबाच्या दारात आली. मागून चार-पाच माणसं.

"खाऊन बघ," ती सुनेला म्हणाली.

सुनेनं तुकडा तोडला. "मीठ जास्त झालंय हो मावशी."

"मी मीठ घातलेलंच नाही."

सगळे तसेच हौदावर गेले. बादली काढली, एकेकानं घोट घेतला. पाणी मचूळ होतं. एकदम खारं नाही, पण घशाखाली उतरल्यावर पुन्हा तहान लावणारं. गोडोबा मागं उभा होता. आता कुणीतरी वळणार आणि आपल्याकडे बघणार, म्हणून त्यानं मान ताठ केली. धक्क्यावर दोर वळून विकणारा दोरवाला म्हणाला, "भिंत फुटली."

"फुटलीच," दुसरा म्हणाला. "समुद्र केवढा वर आलाय बघा. आत पाझरला."

मग सगळे वळले खरे, पण गवंड्याकडे.

गोडोबानं तोंड उघडलं. पण तोवर भट्टीवालीच सुरू झाली होती. "ह्या माणसानं पावसात उभं राहून पाणी धरून दिलं, आणि तुझा गिलावा! वाळूच वाळू घातली असशील."

गवंड्याचा चेहरा उतरला. तो काही भांडला नाही. गोडोबाजवळ येऊन हळू म्हणाला, "दाजी, तुम्ही गोड म्हणालात म्हणजे पाणी गोडच आलं असणार. खोट माझ्यातच आहे. मी उतरून बघतो."

"एवढ्या थंडीत?"

"मग कोण उतरणार? भिंत माझी आहे."

त्यानं अंगातले कपडे काढले, कमरेला दोर बांधला आणि हौदात उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत. दोराचं दुसरं टोक गोडोबाच्या हातात. गवंडी आत अंधारात भिंतीवरून तळहात फिरवत पुढं सरकत होता, आंधळा माणूस तोंडावरून हात फिरवतो तसा. वरून फक्त त्याचा श्वास ऐकू यायचा आणि मधून मधून, "इथं नाही... इथंही नाही." दोर हातात थरथरत होता. आधी गोडोबाला वाटलं आपलाच हात कापतोय. मग कळलं की खालचा माणूस कुडकुडतोय.

वर काढला तेव्हा ओठ निळे पडलेले, दातावर दात आपटत होते. गोडोबाची बायको घोंगडी घेऊन आली होती. तिनं भावाला गुंडाळलं, डोकं पुसलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "परत उतरवणार आहात का त्याला?"

"भिंत बघतोय तो."

"भिंत," ती म्हणाली. भावाचं डोकं पुन्हा पुसायला लागली. लोक होते.

संध्याकाळपर्यंत गवंडी पुन्हा पुन्हा उतरला. फट सापडली नाही. घरी आल्यावर गोडोबा चुलीपाशी बसला. बायकोनं ताट वाढलं, त्यानं ते खाल्लं, त्यात काय होतं त्याला ठाऊक नाही. सून म्हणाली, "मामा खोकताहेत फार. मी काढा देऊन आले."  तिनं एकदा सासूकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे, आणि ताटं उचलली.

सकाळी हौदावर माणसं जमली ती बादल्या आणि दोर घेऊनच. गवंड्याचं म्हणणं पडलं की भिंतीत फट नाही, म्हणजे तळात असणार. तळ बघायचा तर हौद रिकामा करायला हवा. तो खोकत खोकत सगळ्यांना समजावून सांगत होता, आणि जो तो मान डोलावत होता. गोडोबानं कठड्यावरून आत बघितलं. हे पाणी मचूळ होतं, पण एक चांगला पाऊस त्यात पडला असता तर ओळखू आलं नसतं. हे उपसून टाकलं आणि पाऊस आला नाही, बोट आली नाही, तर बेटावर जीभ ओली करायला काही उरलं नसतं.

"उपसू नका," तो म्हणाला.

"का?"

"पाऊस येईल. सुधारेल पाणी."

"फुटक्या हौदात कसं सुधारेल?" दोरवाला म्हणाला. "गोडोबा, तुमचा जीव तुटतो, कळतंय आम्हाला. तुमच्या हातचं पाणी आहे. पण आता ह्याचं लोणचं घालायचंय का?"

"मी सांगतोय ना, उपसू नका!"

"दाजी, माझ्यावर माया करू नका," गवंडी म्हणाला. "मला निस्तरू द्या."

पहिली बादली वर आली आणि गटारात उपडी झाली. मग दुसरी. पाणी गोडोबाच्या पायांवरून वाहत गेलं. त्यानं हौदाच्या कठड्यावरचा पत्र्याचा मग उचलला आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागला. लोकांना वाटलं, म्हातारा रागावून चालला. कुणी तरी म्हणालंही, "जाऊ द्या, शांत होईल." तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला, लाट आली तशी तिच्यात मग बुडवला, पाय गुडघ्यापर्यंत भिजले. तसाच वर आला. बादल्यावाल्यांच्या मधोमध उभा राहिला आणि भरलेला मग तोंडाला लावला.

सावकाश प्याला. सकाळचा चहा पितो तसा, मधे श्वास घेऊन. तोंड वाकडं केलं नाही, डोळा बारीक केला नाही. सगळा मग संपवला, मिशा पुसल्या.

"गोड," तो म्हणाला.

बादली ओढणारा दोर धरून तसाच उभा राहिला. गवंड्यानं पुढं होऊन मग त्याच्या हातातून घेतला, तळाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थुंकला. 

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तापापासून."

"आणि काल मी आत..." गवंड्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यानं हातातला मग कठड्यावर ठेवला आणि शेडच्या पलीकडे जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला. भट्टीवाली गोडोबाला काय काय बोलली ते सगळ्या धक्क्याला ऐकू गेलं. तो ऐकत उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला आणि तो घाईघाईनं शेडच्या मागं गेला.

बायको मागोमाग गेली. तो भिंतीला हात टेकून ओकत होता. ती पाठीवर हात फिरवत राहिली.

"एक घोट पुरला नसता का?" ती म्हणाली.

"एका घोटावर... विश्वास नसता बसला."

"सगळा मग! वय काय, करताय काय. वाका अजून. वाका."

तो वाकला.

हौद उपसायचा राहिला. पण त्यातून भलताच प्रश्न निघाला. आता चाखणार कोण? दोरवाला तंबाखूचा गोळा गालात घेऊनच जन्मला होता. भट्टीवालीची जीभ भट्टीतला पाव चाखून चाखून पोळलेली. प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही होतं, विडी, दारू, नाहीतर किडका दात. सगळं बेट एकमेकांच्या तोंडात डोकावलं. शेवटी गोडोबाच म्हणाला, "माझ्या सुनेला उभी करा. रश्शात मीठ दोनदा पडलं तर पहिल्या घासाला ठसका लागतो तिला."

"बाईमाणूस चाखणार?" कुणी तरी म्हणालं.

"बाईनं रांधलेलं गिळतोस ना?" भट्टीवाली म्हणाली. "मग गप बस."

पुढचा पाऊस आला तो सकाळी, वाऱ्याबरोबर, तिरका. सून डोक्यावरून पदर घट्ट ओढून तोंडाखाली उभी राहिली. नळकांड्याच्या मुठीवर हात गोडोबाचा. मागं सगळं बेट पोती घेऊन. गवंडीही आला होता, पण लांब उभा होता.

सुनेनं घोट घेतला. "खारं."

पुन्हा घेतला. "खारं."

वारा फिरला आणि पाऊस ओसरायला लागला, गेल्या वेळेसारखाच. मागं कुजबूज सुरू झाली. "फिरवा आता." "अहो, थोडं खारं चालेल." "गेला बघा, गेला!" गोडोबाची बोटं मुठीवर आवळली. सून सासऱ्याकडे बघत होती, आता तोच काही म्हणेल म्हणून. तो नजर गटाराकडे लावून उभा राहिला.

"खारं," ती म्हणाली.

पाऊस पुन्हा जरा वाढला. तिनं ओंजळ धरली, जिभेवर घोळवलं, थुंकायच्या ऐवजी गिळलं. आणखी एक घोट घेतला, तोही गिळला.

"गोड," ती म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की पत्र्याच्या आवाजात पुढच्या दोघांनाच ऐकू गेलं, आणि त्यांनीही हंडे उचलले नाहीत. भट्टीवालीनं स्वतःची ओंजळ पुढं केली, चाखलं. "मला तर पाण्यासारखं लागतंय," ती म्हणाली. सगळे गोडोबाकडे बघायला लागले. सवयच तशी होती.

"माझ्याकडे काय बघता?" तो ओरडला. मग सुनेला म्हणाला, "मोठ्यानं म्हण. पाऊस काय तुझा दीर आहे, लाजायला?"

"गोड!" ती ओरडली. पदर डोक्यावरून पडला तो तिनं सावरला नाही.

गोडोबानं मुठीला जोर दिला. नळकांडं हललं नाही. मिठानं सांधा धरला होता. त्यानं दुसरा हात लावला, पाय रोवले. पाणी गटारात चाललेलं. तेवढ्यात त्याच्या हातांवर दुसरे दोन हात आले, गिलाव्यानं खरबरीत झालेले. गवंडी त्याच्याकडे न बघता म्हणाला,

"जोर लावा दाजी. तेवढं तरी येतं ना अजून?"

सांधा करकरला, सुटला आणि पाणी आत पडायला लागलं.